पहिली २०० किलोमीटरची बीआरएम : खान्देशात राहून बारा आठवड्यांची तयारी

दोनशे किलोमीटर सायकल म्हटलं की पहिला प्रश्न येतो वेगाचा. खरं तर तो बराच नंतरचा प्रश्न आहे. २०० किमीच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडला, साडेतेरा तास मिळतात. धुळ्याहून जळगावला जाऊन परत धुळ्याला यायचं, साधारण तेवढंच अंतर. सकाळी सहाला निघून संध्याकाळी साडेसातच्या आत. ताशी २० किमीने चालवणाऱ्याचे सायकलवरचे तास दहाच भरतात. उरलेले साडेतीन तास चहा, जेवण, पंक्चर, फोटो, दुखणारी पाठ आणि झाडाखालच्या 'पाच मिनिटांत' जातात. नवखे बहुतेक वेळा इथेच वेळेबाहेर पडतात, पाय कमी पडले म्हणून नाही. त्यामुळे पुढची सगळी तयारी एकाच हिशोबाने मांडली आहे: सायकलवरून कमी वेळा उतरायला लागावं, आणि उतरलात तर लवकर परत बसता यावं.

बीआरएम म्हणजे काय

ही शर्यत नसते. पहिला-दुसरा नंबर नसतो. वेळेत पूर्ण केली की पूर्ण, एवढंच. पॅरिसचा ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या राइड्सना जगभर मान्यता देतो, भारतात त्यांचं काम ऑडॅक्स इंडिया रँडॉनर्स बघते. २०० किमीला साडेतेरा, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास मिळतात. मार्ग २०० च्या वर पाच-सात किलोमीटर निघाला तरी वेळ साडेतेरा तासच राहते.

वाटेत 'कंट्रोल' असतात. तिथे ठरलेल्या वेळेच्या आत पोचून ब्रेव्हे कार्डावर, म्हणजे राइडच्या नोंदींच्या कार्डावर, नोंद घ्यायची. कुठे शिक्का-सही, कुठे दुकानाचं बिल, कुठे फोटो, जसं आयोजक सांगतील तसं. कंट्रोल बंद होण्याच्या वेळा पाठ असू द्या: ५० किमीचा साडेतीन तासांनी, १०० चा ६ तास ४० मिनिटांनी, १५० चा १० तासांनी. पहिल्या ६० किमीपर्यंत थोडी सवलत असते, पुढे सरळ ताशी १५ चा हिशोब. यातूनच कळतं की थांबे धरून सरासरी १५ च्या वर राहिली तर काम झालं.

हेल्मेट सक्तीचं आहे. अंधारात पुढचा दिवा, मागचा लाल दिवा आणि चमकणारं जाकीट लागतं. आणखी एक नियम घरच्यांना आधीच समजावून ठेवा: मागून गाडी घेऊन पाणी-खाऊ देत येणं चालत नाही. बाहेरची मदत फक्त कंट्रोलवर. रस्त्यातल्या टपरीवर, हॉटेलात, पंक्चरवाल्याकडे पैसे देऊन काही घेतलं तर हरकत नाही, कारण ते सगळ्यांनाच खुलं आहे.

सायकल : नवी घेण्याआधी आहे ती तपासा

गियरची कुठलीही धड सायकल चालते. रोड बाइक असेल तर उत्तम, हायब्रिड असेल तर पहिल्या राइडसाठी तिच्यात काहीच उणं नाही. एमटीबी (डोंगरी रस्त्यांची माउंटन बाइक) असेल तर जाड गोट्यांचे टायर काढून गुळगुळीत टायर घाला. तेवढ्या एका बदलाने ती सायकल वेगळी वाटते. पुढचा सस्पेन्शन लॉक होत असेल तर डांबरावर लॉक करूनच चालवा.

टायर २८ ते ३५ मिमी रुंदीचा असावा. आपल्याकडे महामार्ग गुळगुळीत असला तरी सर्व्हिस रोड आणि गावातले पट्टे तसे नाहीत. हवा किती, हा प्रश्न वजनावर अवलंबून आहे. ७० किलोच्या माणसाला ३२ मिमी टायरमध्ये ५५ ते ६५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), २८ मिमीमध्ये ७० ते ८० पुरते. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा चार-पाच पीएसआय जास्त. टायरच्या कडेला लिहिलेला जास्तीत जास्त आकडा हा भरायचा आकडा नसतो, ती मर्यादा असते.

चेनकडे दुर्लक्ष फार होतं. आपल्या भागातली धूळ बारीक आणि काळी. ती तेलात मिसळली की पॉलिश पेपरसारखी दात खाते. दर १५०-२०० किमीनंतर चेन फडक्याने कोरडी पुसा, प्रत्येक कडीच्या रोलरवर एकेक थेंब ल्युब (सायकलच्या चेनचं तेल) सोडा, दहा मिनिटांनी वरचं तेल पुसून काढा. तेल आत हवं, बाहेर नको. गाडीचं इंजिन ऑइल किंवा शिलाई मशिनचं तेल टाळा. पहिलं धूळ धरतं, दुसरं ५० किमीत उडून जातं.

आणि पावसानंतर शेतरस्त्यावर सायकल घालू नका. काळी माती टायर आणि फ्रेमच्या मध्ये अशी बसते की चाक फिरायचंच थांबतं. मग काटकी घेऊन अर्धा तास माती उकरत बसावं लागतं, आणि ब्रेकचे रबर झिजतात ते वेगळंच.

बसण्याची मापं

घरी भिंतीला धरून सायकलवर बसा, पॅडल सर्वांत खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. ही सीटची उंची. मग पंजाने पॅडल मारताना गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. मापं जुळली की सीटपोस्टवर (सीटखालच्या दांड्यावर) चिकटपट्टी गुंडाळून खूण करा. सायकल दुरुस्तीला गेली की उंची बदलून येते आणि आपल्याला कळतही नाही.

दुखणं कुठे आहे त्यावरून चूक ओळखता येते. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतंय, तर सीट खाली आहे. गुडघ्याच्या मागे ओढ बसतेय, तर सीट उंच आहे. तळहात बधिर होतात आणि बोटांना मुंग्या येतात, तेव्हा बहुतेक वेळा सीटचं टोक खाली झुकलेलं असतं आणि शरीराचा भार हातांवर येतो. एका वेळी एकच बदल करा, तोही तीन ते पाच मिमीचा, आणि त्यावर दोन राइड करून मग ठरवा.

पॅड असलेली सायकलची चड्डी हा खर्च टाळू नका. तिच्या आत दुसरी चड्डी घालायची नसते. शिवण घासते आणि ८० किमीनंतर कातडी सोलते. जांघेत व्हॅसलिन किंवा सायकलिंगची क्रीम लावा. सीटवर जाड जेल कव्हर चढवण्याचा मोह होतो, पण लांब अंतरात ते बुडाखाली सरकत राहतं आणि जास्त घासतं.

बारा आठवडे

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली तर डिसेंबरच्या शेवटी तयार होता. खान्देशासाठी हाच काळ चांगला: पाऊस सरलेला, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो तो त्रास नाही. चाळिशी ओलांडली असेल, बीपी, शुगर किंवा हृदयाचं काही असेल, तर सुरुवात डॉक्टरांकडून.

आठवड्यात चार दिवस सायकल. मंगळवार आणि गुरुवारी तासभर, शनिवारी हलकी ४० मिनिटं, रविवारी लांब राइड. रविवारची अंतरं अशी वाढवा:

पहिला आठवडा ३० किमी, दुसरा ४०, तिसरा ५०, चौथा ३५.
पाचवा ६०, सहावा ७५, सातवा ९०, आठवा ६०.
नववा ११०, दहावा १३०, अकरावा ७०, बाराव्याला बीआरएम.

चौथ्या, आठव्या आणि अकराव्या आठवड्यात अंतर मुद्दाम कमी केलं आहे. पायातली ताकद चालवताना वाढत नाही, विश्रांतीत वाढते. हे आठवडे गाळले की नवव्या-दहाव्या आठवड्यात गुडघे बोलायला लागतात. तयारीत २०० पूर्ण करून बघायची गरज नाही. १३० व्यवस्थित होत असेल, आणि उतरल्यावर जेवण जात असेल, तर २०० होतात.

लांब राइडचा वेग असा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. एका शब्दात उत्तर द्यावं लागत असेल तर वेग जास्त आहे. मंगळवारच्या तासाभरात मात्र थोडी मेहनत करा: दहा मिनिटं सैल चालवून झाल्यावर पाच मिनिटं जोर, तीन मिनिटं सैल, असं चार वेळा. गुरुवारी जवळचा चढ शोधा. धुळेकरांना लळिंगचा घाट आहे, पण तो महामार्गावर, तेव्हा उजाडल्यावरच जा. चढावर गियर आधीच हलका करा, दम लागल्यावर नाही. जड गियरमध्ये उभं राहून रेटलं की चेनवर आणि गुडघ्यावर एकदमच ताण येतो. पॅडल मिनिटाला ७५ ते ९० वेळा फिरत राहिलं पाहिजे. १५ सेकंदांत एका पायाचे फेरे मोजा आणि चारने गुणा.

जळगावकरांसाठी नवव्या आठवड्याचा चांगला मार्ग म्हणजे नेरी, पहूर करत फर्दापूरपर्यंत जाऊन परत. जाताना अजिंठ्याच्या डोंगराकडे हळूहळू चढ लागतो, परतीला तोच उतार हातभार लावतो. धुळ्याहून शिरपूरच्या अलीकडे तापीच्या पुलापर्यंत जाऊन आलात तर शंभरच्या आसपास भरतात. सपाट रस्त्याचा कंटाळा हासुद्धा सरावाचाच भाग आहे. चढावर माणूस दमतो पण वर पोचल्याचं समाधान मिळतं. यावल-चोपड्याच्या केळीच्या पट्ट्यात सरळ रस्त्यावर ४० किमी एकाच स्थितीत बसून राहणं जास्त अवघड जातं. दर दहा मिनिटांनी हातांची जागा बदला, दर अर्ध्या तासाने वीस-तीस सेकंद पॅडलवर उभे राहा.

दिवाळीचा एक आठवडा बुडणारच. बुडाला तर पुढच्या अंतरावर उडी मारू नका, चुकलेलं अंतर आधी घ्या आणि शेवटचा ७० चा आठवडा तसाच ठेवा.

सराटे आणि बाभळीचे काटे

खान्देशात दहा मिनिटांत पंक्चर काढता येणं हे वेगापेक्षा मोलाचं कौशल्य आहे. रस्त्याच्या कडेला सराटे पसरलेले असतात, वेड्या बाभळीच्या फांद्या छाटून टाकलेल्या असतात, आणि महामार्गाच्या पांढऱ्या पट्टीबाहेर ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा असतात. शेवटची सर्वांत वाईट, कारण दिसत नाही.

घरी पाच वेळा मागचं चाक काढून-घालून सराव करा. पुढचं कुणीही काढतं. क्रम असा:

चेन सर्वांत लहान चकतीवर आणा, मग चाक काढा. उरलेली हवा पूर्ण सोडा. टायरच्या दोन्ही कडा अंगठ्याने दाबत रिमच्या मधल्या खोबणीत ढकला. यामुळे टायर सैल होतो आणि लिव्हर (टायर उचकटायची पट्टी) मोडत नाही. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने लिव्हर घाला, टायरची एकच कड बाहेर काढा आणि ट्यूब ओढा.

आता घाई करू नका, नवी ट्यूब लगेच घालू नका. जुनी ट्यूब फुगवून छिद्र शोधा आणि ती व्हॉल्व्हच्या मापाने टायरवर धरून बघा. काटा नेमका कुठे असेल ते कळतं. टायरच्या आतून एक सुती फडकं गोल फिरवा. बोट फिरवलं तर बोटात घुसेल. फडक्याचा धागा जिथे अडकतो तिथे काटा. सराट्याचं टोक बाहेरून दिसत नाही, मुळाशी मोडून रबरात राहतं आणि आतल्या बाजूला जेमतेम केसाएवढं डोकावतं. ते चिमट्याने किंवा सेफ्टी पिनेने आतून बाहेर ढकलून काढा. एक सापडला म्हणून थांबू नका, फडकं पूर्ण फेरा फिरवा. वीस मिनिटांत दुसरं पंक्चर होण्याचं कारण जवळजवळ नेहमी हा राहिलेला दुसरा काटा असतो.

नवी ट्यूब गोल होईल एवढीच फुगवा, टायरमध्ये बसवा, कड हाताने चढवत व्हॉल्व्हपाशी संपवा. व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून सोडा म्हणजे त्याच्याखाली ट्यूब चिमटणार नाही. दोन्ही बाजूंनी कड उलगडून ट्यूब कुठे डोकावते का बघा, मगच पूर्ण हवा.

छिद्रंही काही सांगतात. शेजारी-शेजारी दोन लहान चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेचली. छिद्र ट्यूबच्या आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर रिमटेप (रिमच्या आतली पट्टी) सरकलेली आहे. ती नीट केल्याशिवाय दहा ट्यूब घातल्या तरी फुटतील.

सोबत ठेवायचं: दोन नव्या ट्यूब, पॅच आणि सोल्यूशनची न फोडलेली ट्यूब, तीन प्लास्टिक लिव्हर, फ्रेमला बसणारा पंप, मल्टीटूल, चेनची एक क्विक लिंक (तुटलेली चेन जोडणारी कडी) आणि जुन्या टायरचा चार बोटं लांब तुकडा. टायर चिरला तर तो तुकडा आतून लावून घरापर्यंत येता येतं. सोल्यूशन लावल्यावर चार-पाच मिनिटं वाळू द्यायचं असतं. ओल्यावर पॅच लावला की तो सुटतो.

गावातल्या दुकानावर भरवसा ठेवायचा तो चहासाठी, ट्यूबसाठी नाही. तिथे मिळणारी जुन्या काळ्या सायकलची २८ इंची ट्यूब ६३५ मिमी रिमची असते, तुमची ७०० सी म्हणजे ६२२. अडीअडचणीला ती चालवून नेता येते, टायर मात्र बसत नाही. व्हॉल्व्ह बारीक फ्रेंच पद्धतीचा असेल तर पितळी अडॅप्टर जवळ ठेवा, त्याशिवाय कॉम्प्रेसरचं तोंड बसत नाही. आणि कॉम्प्रेसरने हवा भरताना "थोडी-थोडी द्या भाऊ" असं आधी सांगा. ट्रकच्या सवयीने एकदम दाबलं की बारीक ट्यूब फाटते.

पाणी, मीठ आणि पोट

डिसेंबरच्या सकाळी तासाला अर्धा लिटर, अकरानंतर पाऊण लिटर. तहान लागल्यावर नाही, दर पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट. दोन बाटल्या हव्यात: एकीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं. ७५० मिलीच्या बाटलीत पूर्ण पाकीट ओतलं की ते घट्ट होतं, पोटात ओढ बसते आणि उलटीसारखं होतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. चमचा म्हणजे चहाचा.

नुसतं पाणी पीत राहणं हेही धोक्याचं आहे. घामातून मीठ जातं, वरून साधं पाणी भरत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. बोटांतली अंगठी घट्ट वाटणं, डोकं जड होणं, मळमळ, पोटात पाणी डुचमळणं ही त्याची लक्षणं. काळ्या जर्सीवर पांढरे डाग पडत असतील तर तुमच्या घामात मीठ जास्त आहे, तुम्हाला ओआरएस इतरांपेक्षा जास्त लागणार.

खाणं तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं या हिशोबाने. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, म्हणजे तासाला एक केळं आणि वर गुळाचे दोन-तीन खडे. जळगाव जिल्ह्यात राहून केळ्याला पर्याय शोधायची गरजच नाही. फक्त फार पिकलेलं घेऊ नका, खिशात त्याचा लगदा होतो. शेंगदाणा-गुळाचा लाडू, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, खजूर हेही चालतं. पहिलं खाणं निघाल्यापासून ४५ मिनिटांत. भूक लागेपर्यंत थांबलात तर ११०-१२० किमीला पाय रिकामे होतात, काहीच नको वाटतं, चिडचिड होते. तेव्हा खाल्लेलं रक्तात पोचायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तोवर हळू चालवा.

दुपारचं जेवण हा खरा सापळा आहे. ढाब्यावर शेवभाजीचा वास आला की हात थांबत नाही, पण तेलाचा तवंग आणि तिखट घेऊन पुढचे ९० किमी करायचे आहेत. पोटाकडे गेलेलं रक्त पायांकडे येत नाही, आणि वाकून बसल्यावर जळजळ वर येते. शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी हे सगळं घरी परतल्यावर पोटभर खावं. दुपारी दहीभात, नाहीतर वरणभात आणि ताक. अर्धं पोट. पुन्हा भूक लागेल तेव्हा पुन्हा खा.

रविवारच्या प्रत्येक राइडला हेच खाऊन बघा. राइडच्या दिवशी पहिल्यांदा घेतलेली एनर्जी जेल किंवा पावडर पोटाला मानवत नाही असं वारंवार घडतं.

वारा, ऊन, रस्ता

तापीचं खोरं पूर्व-पश्चिम पसरलेलं आहे आणि आपला धुळे-जळगाव-भुसावळ रस्ताही तसाच. त्यामुळे वारा असला की तो पाठीवर तरी असतो नाहीतर थेट तोंडावर. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात पश्चिमेचा वारा किती जोराचा असतो हे साक्रीकडच्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या बघितल्या की कळतं. हिवाळ्यात पहाटे शांत असतं, उन्हं चढली की वारा उठतो. म्हणून पहिल्या शंभरात वारा नसतानाची सरासरी बघून परतीचा अंदाज बांधू नका. समोरून वारा आला की स्पीड बघायचं सोडा, श्वास बघा. दोन गियर हलके करा, कोपर वाकवून थोडं खाली झुका. दोघं-तिघं मागेपुढे चालवून पाळी बदलत गेलात तर मागच्याला बरीच मदत होते, पण पुढच्याच्या चाकापासून किमान अर्धा मीटर मागे राहा आणि खड्डा दिसला की हाताने दाखवा.

डिसेंबरअखेरीस जळगावला सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. म्हणजे सहाच्या स्टार्टला पहिला तास अंधार, आणि शेवटापर्यंत वेळ लागला तर शेवटचा दीड तासही अंधार. दिवा दोन्ही वेळेला पुरला पाहिजे. एकदा घरी पूर्ण चार्ज करून किती तास चालतो ते मोजा.

अंधारात तीन गोष्टींवर नजर ठेवा. कापसाच्या ट्रॉल्या: मागे दिवा नसतो, आणि कापूस दोन्ही बाजूंनी फुगून बाहेर आलेला असतो, ट्रॅक्टरपेक्षा रुंद. रस्त्यावर वाळत घातलेला मका: त्याभोवती गाड्यांनी तुडवू नये म्हणून दगड रचलेले असतात, मका उचलला जातो, दगड राहतात. आणि उलट्या दिशेने येणारी मोटरसायकल, जी सर्व्हिस रोडला हमखास भेटते. अंधारात गतिरोधकाआधी पॅडल आडवी ठेवून बूड किंचित उचला.

पहाटे थंडी १० अंशांच्या खाली जाऊ शकते, दुपारी ऊन तिशीच्या आसपास. जाड स्वेटर घातलात तर नऊ वाजता तो ठेवायचा कुठे? पातळ वारारोधक जाकीट आणि काढता येणाऱ्या बाह्या. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. पाच किमीत ती जाते.

शेवटचा आठवडा आणि राइडचा दिवस

तीन दिवस आधी सायकल तपासून घ्या, आदल्या रात्री नाही. ब्रेकचे रबर, केबल, चाकाचे ढिले स्पोक, टायरमधल्या काचा-काटे, सगळे स्क्रू. यात काही बदललं तर त्यावर २० किमी फिरून या. नवे बूट, नवी सीट, नवी चड्डी यातलं काहीही या आठवड्यात नको. दोन दिवस आधीची झोप महत्त्वाची, कारण आदल्या रात्री कुणालाच नीट झोप लागत नाही.

मार्ग मोबाइलमध्ये ऑफलाइन ठेवा, आणि वळणांची यादी एका कागदावर लिहून हँडलला चिकटवा: किती किमीला कुठलं वळण, कुठला कंट्रोल, तो किती वाजता बंद. १०,००० एमएएचची पॉवर बँक, सुटे पैसे, ओळखपत्र, आणि घरच्या दोन नंबरांची चिठ्ठी. ब्रेव्हे कार्ड झिपच्या प्लास्टिक पिशवीत. जर्सीच्या मागच्या खिशात घामाने त्याचा कागद विरघळतो आणि सह्या पुसल्या जातात.

स्टार्टच्या दोन तास आधी नाश्ता. पोहे, किंवा भाकरी-गूळ-तूप. निघाल्यावर पहिले ४० किमी सगळे तुम्हाला मागे टाकून जातील, जाऊ द्या. पाय ताजे असताना दोन किमी जास्त वेग फुकट वाटतो आणि दुपारी दीड वाजता त्याची वसुली होते.

थांब्यांचा हिशोब आधीच लिहा. ताशी १८ ने चालवणाऱ्याला सायकलवर ११ तास ७ मिनिटं लागतात, हातात २ तास २३ मिनिटं उरतात. तीन कंट्रोल प्रत्येकी १० मिनिटं, जेवण ३० मिनिटं, एक पंक्चर १५ मिनिटं, पाण्याचे चार थांबे प्रत्येकी ५ मिनिटं, झाले ९५. हाताशी पाऊण तास राहतो, तोही वारा खातो. म्हणून कंट्रोलवर कामांचा क्रम ठरवा: आधी कार्ड, मग बाटल्या, मग लघवी, मग खाणं हातात घेऊन निघा. खुर्चीवर बसलात की दहाचे पंचवीस होतात. गावोगावी लोक आपुलकीने विचारणार, "कथा जाई राहिना भो?" (कुठे चाललास भाऊ?) उत्तर जरूर द्या, हात हलवत, चालत्या सायकलवरून.

पोटरीत गोळा आला तर उतरून टाच खाली दाबत ताण द्या, ओआरएस घ्या, पुढची २० मिनिटं हलका गियर. गुडघ्याचं दुखणं मात्र दाबून चालवू नका. सीटची उंची तपासा, आणि दुखणं दर किलोमीटरला वाढत असेल तर तिथे थांबणंच बरोबर.

उन्हात थंडी वाजणं, घाम एकदम थांबणं, बोलताना शब्द अडखळणं, वारंवार उलटी, छातीत दाब: यातलं काही झालं तर सावलीत थांबा, मानेवर-डोक्यावर पाणी टाका, सोबत्याला थांबवा आणि १०८ ला फोन करा. राइड सोडताय हे आयोजकांना कळवा, नाहीतर रात्री ते तुम्हाला रस्त्यावर शोधत फिरतील. सोडलेली राइड पुढच्या महिन्यात पुन्हा करता येते, नावनोंदणीला कुठलीही अडचण येत नाही.

पूर्ण केलीत, कार्ड जमा केलंत, की लगेच मोटरसायकल किंवा कार चालवत घरी निघू नका. तेरा तासांनंतर डोळा लागतो. तासाभरात भात-वरण किंवा खिचडी आणि ताक घ्या, कुणाला तरी न्यायला बोलवा. दुसऱ्या दिवशी १० किमी अगदी सैल चालवा, पाय मोकळे होतात. आणि सायकल तशीच भिंतीला लावू नका: दोन्ही टायरची हवा सोडून आतून तेच सुती फडकं फिरवा. दोनशे किलोमीटरचे दोन-तीन सराटे तरी निघतातच, अर्धवट घुसलेले, अजून ट्यूबपर्यंत न पोचलेले.